शून्य क्रमांकाचे लिंबू

मित्रांनो, माझ्या कुंडीच्या काठाला तारेने पत्र्याची एक चकती बांधलेली आहे आणि तिच्यावर ठोकून शून्य उमटवलेले आहे. तेच माझे नाव. जातीने मी कागदी लिंबू, वयाने जुना आणि उंचीने खुजा. माझ्या वयाची झाडे घराच्या छपराला टेकतात. मी अजून कुंडीत आहे. माझी पाने वाटीसारखी वळली आहेत. साल सोलली तर आतले लाकूड दाभणाने टोचल्यासारखे खड्ड्याखड्ड्यांचे दिसते. पाहुणे माझ्यापाशी आले की नाक मुरडतात. मुरडू देत. किळस या विषयात त्यांच्यापेक्षा माझा अनुभव मोठा आहे.

माझा जन्म मातीत झाला नाही, काचेच्या बशीत झाला. तेकोमान गावाच्या बाहेर, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लिंबू पिकवणाऱ्यांच्या संघाने एक छोटे संशोधन केंद्र काढले होते. आमच्या भागात सूपावर, माशावर, काकडीवर, तापावर आणि घसादुखीवर, सगळ्यांवर लिंबूच पिळतात. त्यामुळे झाडांना रोग लागला तेव्हा सगळा गाव हादरला. या रोगाला इकडे ‘उदासी’ म्हणतात. त्याचा विषाणू झाडाच्या सालीतल्या रसात राहतो आणि मावा हा रस पिणारा बारीक किडा तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. झाड एकदम मरत नाही. आधी शिरा फिक्या पडतात, मग वाढ थांबते, फळ सुपारीएवढे राहते, आणि शेंड्याकडून एकेक फांदी वाळत येते. एकदा लागलेला रोग कोणत्याही औषधाने जात नाही.

केंद्रात नेरेइदा नावाची तरुण डॉक्टर होती. माणसांची नव्हे, झाडांची. तिने एकाच लिंबाच्या कोवळ्या रोपांचे तुकडे केले. त्यातले काही तुकडे तिने एका खास जिवाणूच्या पाण्यात बुडवले. त्या जिवाणूकरवी तिने तुकड्यांत एक नवे जनुक घातले, आणि ते जनुक होते त्या विषाणूच्याच अंगातला एक बारीकसा भाग. ऐकून घाण वाटते ना? मलाही वाटली होती. पण चोराच्या सदऱ्याचा तुकडा आधीच हुंगवलेला कुत्रा चोर दारात आला की ओळखतो, तसेच हे होते. विषाणू आत शिरला की झाडाच्या पेशींनी त्याला ओळखावे आणि त्याचे तुकडे करावेत, अशी नेरेइदाची कल्पना होती. या तुकड्यांतून माझे पाच भाऊ उगवले. त्यांच्या चकत्यांवर एक ते पाच आकडे आले.

मला मात्र तिने नुसत्या पाण्यात बुडवले. बाकी सगळे तेच केले, तीच बशी, तेच औषध, तेच कलम. फक्त जनुक घातले नाही. मला काहीच मिळाले नाही, म्हणून मी शून्य. आजारी पडणे एवढेच माझे काम होते. मी आजारी पडलो आणि भाऊ पडले नाहीत, तरच भाऊ खरे.

या खरेपणाची वाट सर्वांत जास्त पाहत होती ती दोन्या एलोदिया, म्हणजे एलोदियाबाई. कीड येऊ नये म्हणून आम्हाला दुहेरी जाळीच्या जाळीघरात ठेवले होते, त्याची झाडलोट आणि पाणी तिच्याकडे होते. पन्नाशी ओलांडलेली, रुंद हाडाची, झाडांशी बोलणारी बाई. तिचा मुलगा रुतिलिओ याची बाग उदासीने निम्मी वाळली होती. वाळलेल्या ओळी त्याने तोडून जाळल्या आणि नव्या रोपांसाठी खड्डे खणून ठेवले होते. निवडक बागायतदारांना चाचणीसाठी रोपे द्यायची परवानगी केंद्राला मिळाली होती आणि यादीत रुतिलिओचे नाव पहिले होते. लिंबू लावले की चार वर्षांनी नीट फळ धरते. रोप खोटे निघाले तर ती चार वर्षे परत कोण देणार?

आम्ही गुडघाभर झालो तेव्हा परीक्षा सुरू झाली. दुपार कलली की नेरेइदा एक डबी घेऊन यायची. डबीत आजारी झाडावर पोसलेला काळा मावा असायचा. चित्रकाराच्या बारीक कुंचल्याने ती एकेक मावा उचलून आमच्या कोवळ्या शेंड्यांवर सोडायची आणि कोलिमा शहराची शेवटची बस गाठायला धावत जायची.

मित्रांनो, मावा अंगावर चढणे म्हणजे काय, ते तुम्हाला कसे सांगू? तो मऊ असतो, फुगलेला असतो, आणि घाईत नसतो. आधी तो कोवळ्या देठावर फिरतो, इथे तिथे चाखतो, मग जागा पसंत पडली की सोंड खुपसून बसतो. त्याला नर लागत नाही. मादी बसल्या जागी जिवंत पिल्ले घालत सुटते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच तयार होत असते. माझा रस तो पितो आणि मागच्या बाजूने साखरेचे चिकट पाणी माझ्याच पानांवर टाकतो. त्या पाण्यासाठी मुंग्या येतात. मुंग्या गेल्या की त्यावर काळी काजळी धरते. स्वतःच्याच रसाने बरबटलेल्या अंगावर दुसऱ्याची बाळंतपणे सोसायची, आणि हलायचे नाही, कारण झाडाला हलता येत नाही. पहिल्या दिवशी मला वाटले, यापेक्षा वाळलेले बरे.

नेरेइदाची पद्धत अशी होती की मावा एक रात्र बसू द्यायचा आणि पहाटे फवारणीवाल्याने औषध मारून तो संपवायचा. पण रात्र व्हायच्या आधी, उन्हे उतरता उतरता, दोन्या एलोदिया बादली घेऊन आली.

“अगं आई गं,” ती माझा शेंडा उलटून म्हणाली, “हे काय भरलंय अंगावर? आणि म्हणे दुहेरी जाळी.”

तिने बादलीत हात घातला. पाण्यात गुलाबी साबणाची वडी किसून विरघळवलेली होती. तेकोमानमध्ये असे एकही अंगण नाही जिथे लिंबावर मावा दिसला आणि बाईने असले पाणी मारले नाही. उन्हात मारले तर पाने भाजतात, म्हणून ते संध्याकाळीच मारायचे, हे इकडची पोरेसुद्धा जाणतात. तिने ओंजळीने मला न्हाऊ घातले, पानांच्या मागून बोटे फिरवली, शेंड्यांचे सांदे अंगठ्याने पुसले. मावा फेसात लडबडून खाली पडला. मग तिने एक ते पाच यांनाही तसेच धुतले.

“ही डॉक्टर पोरगी शहाणी आहे,” ती आम्हाला सांगत होती, “पण मान खाली घालून येते नि बसमागे पळते. तुमच्या अंगाकडे बघायला आहे कोण?”

त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात तिच्या पाया पडलो. नेरेइदा मावा सोडायची आणि एलोदिया धुवायची, असे मग सगळा हंगाम चालले. सकाळी पाने स्वच्छ दिसली की नेरेइदाला वाटे, फवारणीने काम केले.

हंगाम सरला. नेरेइदाने आमची पाने खुडून प्रयोगशाळेत तपासली. सहाही जणांत विषाणू नव्हता.

केंद्राचे प्रमुख इंजिनियर बाराहास लगोलग जाळीघरात आले. त्यांच्याविषयी सांगताना मला मावा आठवतो, त्याला माझा इलाज नाही. त्यांच्या खिशात कायम तिखट-लिंबू लावलेले शेंगदाणे असत. टरफले ते आमच्या कुंड्यांत टाकत आणि बोटे माझ्या पानाला पुसत.

“सगळी हिरवी,” ते म्हणाले. “एकालाही काही नाही. जिंकलो की आपण.”

“शून्यसुद्धा हिरवं आहे, इंजिनियर,” नेरेइदा म्हणाली.

“मग तर उत्तमच.”

“उत्तम नाही. त्याच्यात काहीच घातलेलं नाही. ते पडायला हवं होतं. ते पडलं नाही, म्हणजे बाकीचे का उभे आहेत ते आपल्याला कळलेलंच नाही.”

“जास्त शिकलं की असा त्रास होतो.” एक टरफल माझ्या बुंध्याशी पडले. “शून्य अडचण करतंय ना? मग उचल आणि उकिरड्यावर टाक. परीक्षेत नापास व्हायला बसवलेल्या पोराचे गुण कोण विचारतो?”

“पेपर खरंच झाला का, हे तेच पोरगं सांगतं.”

“रविवारी बागायतदार येतायत,” ते म्हणाले. “रोपं भरून ठेव.” आणि त्यांनी बोटे पुसली.

भावांच्या फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, घेऊन बांधलेली कलमे तोवर काळ्या पिशव्यांत वाढली होती. रविवारी अंगणात ती ओळीने मांडली गेली. ताडपत्रीखाली टेबले लागली, तळलेल्या रोट्यांवर मासा घालून ताटे फिरली, माडाची ताजी ‘तुबा’ पेल्यांतून वाटली गेली. माझ्या भावांना फिती बांधून पुढे ठेवले होते. मलाही आणले होते, कारण मागच्या भिंतीवरचा डाग झाकायला काहीतरी हिरवे हवे होते. बाराहास भावांच्या मध्ये उभे राहून छायाचित्रे काढून घेत होते. कुठल्या तरी बाजारातले लिंबू त्यांनी कॅमेऱ्यासमोर चोखले आणि ते जणू भावांचेच आहे असे डोळे मिचकावले. भाऊ तर अजून फुलावरही आले नव्हते. हे चालले असताना शहाणीसुरती माणसे टाळ्या वाजवत होती.

नेरेइदा माझ्याजवळ उभी होती. तिने सवयीने माझे एक पान उलटले आणि थांबली. पानाच्या सांद्यात पांढरट-गुलाबी खपली सुकून बसली होती. तिने ती नखाने खरवडली, हुंगली, मग एक भाऊ उलटून पाहिला, मग दुसरा. मग ती ताटे भरणाऱ्या एलोदियाकडे गेली.

“दोन्या एलोदिया, या झाडांना साबण कुठून लागला?”

“लागला कुठला, मी लावते की,” एलोदिया झाऱ्यानेच दाखवत म्हणाली. चार बागायतदार ताटे घेऊन उभेच होते, त्यांनाही ऐकू जावे असा तिचा आवाज होता. “वडी किसायची, कोमट पाणी करायचं, उन्हं उतरली की सगळ्यांना आंघोळ. तू बसला पळालीस की मग. काळा मावा किती यायचा तुझ्या झाडांवर, तुला पत्ता नाही पोरी. कुठून यायचा देव जाणे.”

“मी आणायचे.”

“काय आणायचीस?”

“मावा. मीच सोडायचे झाडांवर.”

एलोदियाने झारा खाली ठेवला. “मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“का गं? त्या लेकरांनी तुझं काय वाकडं केलं होतं?”

कोणीतरी फिसकन हसले. रुतिलिओ आईच्या मागेच उभा होता, पहिली पिशवी काखेत मारून. तो म्हणाला, “म्हणजे झाडं वाचली ती माझ्या आईच्या साबणानं. मग इंजिनियर, रोपांचं राहू द्या, घरटी एकेक वडी वाटा.”

सगळे अंगण हसले. रुतिलिओचे हसू मात्र अर्ध्यावरच विरले. त्याने काखेतल्या पिशवीकडे पाहिले, आणि रोपांची परीक्षा झालीच नाही हे त्याच्या ध्यानात आले.

बाराहासही हसले. “हसा, हसा. पण जनुक आत आहे, ते कुठं जात नाही. परीक्षा काय, ती तुमच्या रानात होईल. न्या बिनधास्त.”

“रानात होईल म्हणजे?” रुतिलिओने विचारले. “आणि पडली तर?”

“पडली तर दुसरी देऊ.”

मित्रांनो, मावा निदान भुकेपोटी चिकटतो. त्याला आपण काय वाहून नेतो ते माहीत नसते. हा माणूस सगळे जाणत होता. त्या हसऱ्या, तिखट लागलेल्या तोंडाकडे पाहताना मला जेवढी किळस आली, तेवढी कोणत्याही किड्याने कधी आणली नाही. आणि माझे हे हिरवे अंग त्याच्या बाजूने साक्ष देत होते. धुऊनपुसून चकचकीत झालेली माझी पाने मला त्या दिवशी नकोशी झाली.

“रुतिलिओ,” एलोदिया म्हणाली, “पिशवी खाली ठेव.”

“आई, खड्डे खणलेत मी.”

“खड्ड्यांत मका लाव.”

“लोक न्यायला लागलेत. मागं राहीन मी.”

“राहा. ठेव म्हणते ना खाली.”

त्याने थोडा वेळ काढला, पण पिशवी ठेवली. आणखी काही जणांनी ठेवल्या. दोघातिघांनी मात्र मान वळवून आपापली रोपे गाडीत चढवली. बाराहासांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

अंगण रिकामे झाल्यावर एलोदिया माझ्या कुंडीशी येऊन बसली. तिचे डोळे लाल झाले होते.

“मला सांगितलं असतंस तर बोट लावलं नसतं.”

“चूक माझी आहे,” नेरेइदा म्हणाली. “एवढे दिवस आपण एकाच जाळीत काम केलं आणि मी काय करते ते तुम्हाला एकदाही सांगितलं नाही.”

“मी तरी कुठं विचारलं. डॉक्टरला काय विचारायचं, म्हटलं.” तिने नाक पुसले. “आता पुढं?”

“पुन्हा करायचं. या वेळी मावा नको. आजारी झाडाची साल कापून थेट खोडात बसवायची. ती धुतली जात नाही.”

“सगळ्यांच्या?”

“सगळ्यांच्या. आधी शून्याच्या.”

एलोदियाने माझ्या पानावरून अंगठा फिरवला. “हे तर मरेल की गं.”

“मरणार नाही. पण बरंही होणार नाही.”

मला कोणी विचारले नाही. झाडाला कोण विचारते? पण विचारले असते तर मी हो म्हटले असते. हिरवे राहून खोटे बोलायचा मला वीट आला होता.

दुसऱ्या दिवशी नेरेइदाने माझ्या खोडाला चीर दिली आणि आजारी झाडाच्या सालीचे दोन तुकडे तिच्यात बसवून वरून पट्टी गुंडाळली. परकी साल माझ्या सालीला हळूहळू चिकटली. मग तिच्यातून तो विषाणू आला. त्याला चव नाही, वजन नाही. फक्त वरून खाली जाणारा गोड रस जागोजागी अडखळू लागला. नवी पाने आली ती वाटीसारखी वळूनच. शिरा पाण्यासारख्या फिक्या झाल्या. सालीखाली लाकडात खड्डे पडू लागले, आतून, एकेक. दुबळ्या झाडावर मावा चढतोच. जाळीच्या एका भोकातून थोडा आला आणि माझ्यावरच ठाण मांडून बसला. काजळीने मी काळा झालो.

एलोदिया रोज संध्याकाळी यायची, पाणी घालायची, आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायची. हात सुटले तर आपोआप साबणाकडे जातील, असे ती नेरेइदाला म्हणाली.

भावांच्या खोडांतही तीच साल बसवली होती. दोन, तीन आणि पाच यांच्यात जनुक होते, पण ते जागे झालेच नाही; तेही माझ्यासारखे वळले आणि काजळले. एक आणि चार उभे राहिले. नेरेइदाने त्यांची पाने पुन्हा पुन्हा तपासली. शेजारी मी पाने गळून, चिकट होऊन, कुजकट वास मारत उभा होतो, आणि त्यांच्यात विषाणूचा मागमूस नव्हता. आता ते हिरवेपण खरे होते. त्या रविवारी गाडीत चढलेली रोपे बहुतेक दोन, तीन आणि पाचचीच होती. ती रानात वळायला लागली तेव्हा मालकांनी उपटून टाकली. बाराहासांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एक आणि चार यांच्यामध्ये उभे राहून त्यांनी नवीन छायाचित्र मात्र काढून घेतले. ते आजही कचेरीत लावलेले आहे. मला कोठाराच्या मागे ठेवण्यात आले.

शेवटची पाने खुडून झाली त्या दिवशी नेरेइदा कोठारामागे आली. एलोदिया तिथेच होती, हात पाठीमागे.

“झालं याचं काम,” नेरेइदा म्हणाली. “आता धुतलंत तरी चालेल.”

एलोदिया बादली आणायला गेली. उन्हे उतरेपर्यंत ती वाट पाहत बसली, मग तिने मला पानामागून पान न्हाऊ घातले. मावा गेला, काजळी गेली. रोग तसाच राहिला.

माझ्याबद्दलची एक गोष्ट मात्र चांगली आहे. उदासी बीमध्ये उतरत नाही. माझ्या वेड्यावाकड्या, सुपारीएवढ्या फळांतूनही निरोगी रोपे उगवतात. रुतिलिओच्या रानात आज एक आणि चार यांच्या ओळी आहेत, आणि बांधाच्या कडेला माझ्या बीचे एक रोप आहे. त्यालाही पत्र्याची चकती आहे आणि चकतीवर शून्य. मागच्या हंगामात त्याची पाने वळली. रुतिलिओ आधी त्याच्यापाशी उभा राहिला, मग त्याने ओळींत शिरून प्रत्येक झाड तपासले, आणि घरी जाऊन आईला म्हणाला, “आला रोग रानात. आपली उभी आहेत.”

मित्रांनो, एखादे झाड निरोगी आहे असे कोणी तुम्हाला छाती फुगवून सांगितले, तर त्याच्या शेजारचे शून्य कुठे आहे ते विचारा. ते बहुधा कोठाराच्या मागे सापडेल. चिकट, काजळलेले, टरफलांत बुडालेले. नाक मुरडलेत तरी हरकत नाही. मला स्वतःचीही किळस येते. पण त्याच्या कुंडीतली टरफले काढा आणि त्याला पाणी घाला. त्याचे काम झाले आहे का ते त्याच्या डॉक्टरला विचारा. झाले असेल, तर उन्हे उतरेपर्यंत थांबा, आणि मग साबणाच्या कोमट पाण्याने त्याला एकदा धुवा. पानांच्या मागूनसुद्धा.